चौसष्ट पुरावे आणि एक अंगठा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी व्यवस्थित बाई आहे! आमच्या घरात बाळाचे मोजे जोडीने सापडतात. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख असते. नवऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, "व्यवस्थित? ही झोपेत कूससुद्धा घडी घालून बदलते!" त्यामुळे परवा दुपारी जे काही झालं ते वेंधळेपणामुळे झालं, असं कृपया कोणी समजू नका. ते पूर्णपणे व्यवस्थितपणामुळे झालं.

तर माझी लेक. घरातलं नाव ढमी. वय अकरा महिने, डोक्यावर मोजून सात केस, तोंडात दोन दात. आणि माझ्या फोनमध्ये तिचे फोटो किती? एकोणीस हजार चारशे बारा! भागाकार करत बसू नका, मी केलाय. दिवसाला अठ्ठावन्न पडतात.

लोक हसतात. हसू देत! त्यांच्या जिवाला घोर नाही. ढमी शिंकली की मी फोटो काढते. शिंकली नाही तरी काढते, कारण एरवी या वेळेला ती शिंकते, मग आज का नाही शिंकली? अंगावर पुरळ उठलं, फोटो. पुरळ गेलं, तरी फोटो, पुरळ नसलेल्या जागेचा. आमच्या डॉक्टरबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "शंका आली की नोंद ठेवत जा." बिचारीला वाटलं असेल, ही वहीत चार ओळी लिहील. पुढच्या खेपेला मी त्यांना एकशे बारा लंगोटांचे फोटो तारीखवार दाखवले. साठाव्याला त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

आता महत्त्वाचं. येत्या सोमवारी माझी रजा संपते. पाळणाघरात नंबर लावून ठेवलाय, पण आमच्यापुढे सदतीस बाळं आहेत आणि त्यातली दोन अजून जन्मायची आहेत! म्हणजे सगळी मदार सासूबाईंवर. त्या आणि सासरे दोन गल्ल्या सोडून राहतात. गेले तीन महिने सासूबाई, कधी सासऱ्यांनाही घेऊन, रोज सकाळी येतात, ढमीला माझी सवय सुटावी म्हणून. (खरं तर मला तिची सवय सुटावी म्हणून, पण तसं कोणी तोंडावर बोलत नाही.) सोमवारपासून त्या नऊ ते सहा सांभाळणार. त्यांनी "नाही" म्हटलं की माझी नोकरी संपली! साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, रजा आता एक दिवसही वाढणार नाही.

आणि अशा या सासूबाईंचे, आपल्यात म्हणून सांगते, मी पुरावे गोळा करत होते.

वाईट हेतू नव्हता हो! डॉक्टरबाईंना दाखवायला. फोटो ॲपमध्ये एक अल्बम केला होता, नाव "नोंदी". प्रत्येक फोटोखाली एक ओळ. "११.१०. बिस्कीट. आजचं तिसरं. सांगून झालंय." "उघडी खिडकी. टोपी नाही." "टीव्ही चालू. बाळ टीव्हीकडे बघतंय. आजीही." असे चौसष्ट. गंमत म्हणजे, मी काही चोरून काढत नव्हते. फोन वर केला की सासूबाई स्वतःच केसांवरून हात फिरवायच्या, ढमीला कडेवर सारखी करायच्या आणि छान हसायच्या. चौसष्ट पुरावे, आणि प्रत्येकात आरोपी हसतोय!

परवा दुपारी फोनने हात टेकले. ढमी पलंगाला धरून उभी राहायच्या बेतात होती, मी व्हिडिओ सुरू केला, तर पडद्यावर पाटी आली, "जागा शिल्लक नाही." ढमी धपकन बसली. मी ठरवलं, बस! आज हा पसारा आवरायचाच. सोमवारपासून वेळ कुठला?

अडीचला ढमी झोपली. म्हणजे माझ्या डाव्या खांद्यावर झोपली, खाली ठेवलं की तिला लगेच कळतं. त्यामुळे माझ्याकडे एकच मोकळा अवयव होता, उजवा अंगठा.

ॲप भलतंच हुशार. म्हणालं, चेहऱ्यांवरून फोटो लावून देतो, फक्त काही प्रश्नांची उत्तरं द्या. एका बाजूला ढमी, दुसऱ्या बाजूला टोपीतली ढमी. "दोघी एकच आहेत का?" हो. ढमी आणि रडकी ढमी. हो. ढमी आणि तोंडभर भात फासलेली ढमी. हो! अंगठा असा चालायला लागला की काय सांगू! हो, हो, हो, हो! परीक्षेत सगळे प्रश्न येत असले की लिहिताना जी झिंग चढते ना, अगदी तशी. आणि त्या झिंगेत एका बाजूला ढमी आली आणि दुसऱ्या बाजूला सासरे.

गुळगुळीत टक्कल, कवळी काढलेली, आरामखुर्चीत आ वासून झोपलेले. "दोघं एकच आहेत का?"

हो!

अंगठा खाली आल्यावर मेंदू तिथे पोचला. मी थबकले. मागे जायचं बटण शोधलं. नव्हतं. खरं सांगायचं तर क्षणभर मीसुद्धा पुन्हा निरखून पाहिलं. मग म्हटलं, जाऊ दे, शेवटी घरचेच आहेत.

यानंतर ॲपने अगदी लाडात येऊन विचारलं, "ढमीचे सगळे फोटो कुटुंबाला आपोआप पाठवायचे?"

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? नणंदबाई तीन महिने मागे लागल्या होत्या, "वहिनी, फोटो पाठव ना गं! भाचीचा चेहरा विसरायला झालाय." माहेरच्या आईचीही तीच तक्रार. (सासूबाईंनाही मी आईच म्हणते, तुमचा गोंधळ नको म्हणून हिला माहेरची आई म्हणतेय.) मला वाटलं, माझा जो नीटनेटका "ढमी रोज" अल्बम आहे तो जाईल. दोन्ही घरच्या अकरा जणांची नावं निवडली, दाबलं "हो". फोन पालथा ठेवला, एका हाताने चहा केला आणि माळा झाडून खाली उतरल्यावर जसं वाटतं तसं वाटून घेतलं.

सात मिनिटं वाटलं. मग फोन वाजला. नणंदबाई होत्या.

"वहिनी!" पुढे नुसतं हसणंच. "वहिनी, अगं, बाबा... बाबा 'ढमीचे पहिले दात' मध्ये काय करतायत?"

"काय?"

"बघ तरी! बाबा आ वासून! खाली संगीत! 'आमची छोटीशी परी' लिहिलंय!"

मी अल्बम उघडला. ॲपने तेवढ्यात एक छोटी फिल्मच तयार केली होती. ढमी पालथी पडतेय. ढमी रांगतेय. सासरे घोरतायत. ढमी हसतेय. सासरे पायाची नखं कापतायत. आणि शेवटी झगमगत्या चौकटीत "तेव्हा आणि आता"! डावीकडे दोन महिन्यांची ढमी, उजवीकडे एकाहत्तर वर्षांचे सासरे. खाली, "किती भरभर मोठी होतात ना!"

दूरच्या एका मावशींनी त्याखाली लिहिलंही होतं, "गोड! पण थोडी दमलेली वाटतेय."

"ताई, जरा थांबा, मी करते नीट," मी म्हटलं. मलाही हसू येत होतंच.

"नीट कर, पण आधी ती बिस्किटाची काय भानगड आहे ते सांग. 'आजचं तिसरं, सांगून झालंय' हे कोणाला गं?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं.

"नोंदी"! त्या चौसष्टही फोटोंत ढमी होतीच की! ॲपने अल्बम वगैरे काही पाहिलं नव्हतं. त्याने चेहरा पाहिला. जिथे ढमी, तो फोटो अकरा जणांना, खालच्या ओळीसकट! आणि त्या अकरांत सासूबाई!

"वहिनी? आहेस ना?"

मी फोन ठेवला. घड्याळ पाहिलं. तीन वीस. मेंदू सुसाट सुटला. सासूबाई दोन ते चार झोपतात. त्यांचा दंडकच आहे, दुपारी भूकंप झाला तरी मला चारला सांगा. म्हणजे अजून चाळीस मिनिटं आहेत! चाळीस मिनिटांत चौसष्ट फोटो काढून टाकायचे, त्यात काय!

पहिला काढला. बिस्किटाचा. गेला! दुसऱ्यावर अंगठा नेतेय तोच फोन टुणकन वाजला. "ढमीचा एक नवा फोटो सापडला! कुटुंबाला कळवलंय." कोणता नवा फोटो? तोच! बिस्किटाचा! मी काढायचे, त्याला वाटायचं नवा सापडला, ते परत घालायचं आणि अकरा जणांना पुन्हा वर्दी द्यायचं! मी पाच वेळा काढला. पाच वेळा वर्दी गेली.

नवऱ्याला फोन लावला.

"अरे, ते फोटो ॲप... आईंचे फोटो... सगळ्यांना गेले!"

"कोणते? बिस्किटाचा आत्ता सहाव्यांदा आला मला. छान आलाय की."

"खाली काय लिहिलंय ते वाच!"

तो वाचत होता. पलीकडे त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. "...उघडी खिडकी, टोपी नाही," तो पुटपुटला. "हे तू लिहिलंस? आईबद्दल?"

"डॉक्टरबाईंसाठी!"

"किती आहेत असले?"

"चौसष्ट."

"चौ... फोन बंद करून चालू कर."

हा त्याचा प्रत्येक गोष्टीवरचा उपाय आहे. मला कळा सुरू झाल्या तेव्हाही तो पहिल्यांदा राउटरकडे धावला होता.

"ढमीचा आख्खा अल्बमच काढून टाकते," मी म्हटलं आणि दाबलं. लाल अक्षरं आली, "यातले फोटो सर्वांकडून कायमचे नाहीसे होतील. पुढे जायचं?"

"अरे, सर्वांकडून म्हणजे माझ्याकडूनही?"

"नीट वाच ना."

"वाचतेय! इतकंच लिहिलंय! सर्वांकडून!"

"मग काही दाबू नकोस! तिचं पहिलं हसू त्यात आहे. हात लावू नकोस कशाला! आईच्या फोनवरूनच काढ."

"आईंच्या फोनवरून? मी?"

"मग मी कसा काढू इथून?" आणि दीनवाण्या आवाजात पुढे म्हणाला, "अगं, सोमवारी आई आली नाही तर काय करायचं?"

तेवढ्यात फोन पुन्हा टुणटुणला. नव्या फोटोची वर्दी नव्हती, बिस्किटाच्या फोटोखाली कोणीतरी काहीतरी लिहिलं होतं. माहेरची आई! "मी पहिल्यापासून हेच सांगत होते." पुढे अंगठा. खिडकीच्या फोटोखाली, "बरोबर लिहिलंस." अंगठा. टीव्हीच्या फोटोखाली तर तिला लिहायला शब्दच सुचले नव्हते, नुसते तीन अंगठे!

म्हणजे आता मी "चुकून गेलं हो आई" म्हणायचीही सोय राहिली नाही. आता तो दोन्ही घरांचा ठराव झाला होता, अनुमोदनासह!

खांद्यावर जागी झालेल्या ढमीला सावरलं, किल्ली घेतली आणि निघाले. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. गल्लीतला शिंपी दारातून ओरडला, "अहो, बाळाला बरं नाही का?" मी पळता पळता म्हटलं, "बाळ मजेत आहे!" ढमी खरंच मजेत होती. तिला वाटलं, आई आज शेवटी खेळायला लागली.

तीन पस्तीसला बेल न वाजवता दारावर टकटक केली. दार तत्काळ उघडलं. जणू सासरे दाराला चिकटूनच उभे होते. चेहरा पांढराफटक, हातात स्वतःचा फोन.

"सूनबाई," ते कुजबुजले, "बरं झालं आलीस. तो सतरावा फोटो काढून टाक."

"तुम्ही पाहिलंत?" मला रडूच आलं. "बाबा, मी डॉक्टरांसाठी..."

"ते सगळं राहू दे! तो सतरावा! ही पुढे ढमीला भरवतेय. मागे स्वयंपाकघराच्या दारात बघ."

मी पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सासरे. खांद्यापर्यंतचा हात बिस्किटांच्या डब्यात. साखरेचा त्रास असल्यामुळे त्यांना बिस्किटं दोन वर्षांपासून बंद आहेत. सासूबाई त्या डब्याला कुलूप लावण्याच्या विचारात होत्या, मी सुचवलं होतं.

"ती उठायच्या आत तिच्या फोनमधून गेला पाहिजे," सासरे म्हणाले. "तुझे ते चौसष्ट आणि माझा हा एक."

"बाबा, तो चौसष्टातलाच आहे."

"मग सोपंच झालं!"

आम्ही चोरपावलांनी आतल्या खोलीत गेलो. सासूबाई कुशीवर, शांत. एक हात गालाखाली, दुसरा उशीवर पसरलेला. उशीखालून फोनचा कोपरा दिसत होता. सासऱ्यांनी दोन बोटांनी तो असा अलगद ओढला की मी बघतच राहिले.

"किल्ल्यापण तिथेच असतात," ते हळूच म्हणाले. "सवय आहे."

पण फोन उघडेना.

"अंगठा लागतो," सासरे म्हणाले.

"कोणाचा?"

"तिचा."

"तो तर त्यांच्या हाताला आहे!"

"म्हणूनच म्हणतोय, बाळाला धर घट्ट."

त्यांनी लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनी बायकोचा हात इतक्या नाजूकपणे हातात घेतला. अंगठा फोनवर टेकवला. "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा टेकवला. "पुन्हा प्रयत्न करा."

"कोरडा पडलाय," सासरे म्हणाले आणि त्या अंगठ्यावर हळूच फुंकर घातली. "हाऽऽ."

नेमक्या त्याच क्षणी माझं लाडकं ॲप जागं झालं! सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम पूर्ण आवाजावर असतो. खोलीत बँड वाजल्यासारखं संगीत सुरू झालं, पडद्यावर सासऱ्यांचं टक्कल झळकलं, "ढमीच्या नव्या आठवणी तयार आहेत!" ढमीने आनंदाने किंकाळी फोडली, माझ्या कडेवरून पुढे झेपावली आणि आजीच्या केसांची बट दोन्ही मुठींत धरली.

सासूबाईंनी डोळे उघडले. समोर नवरा त्यांचा अंगठा धरून त्यावर फुंकर घालतोय.

"काय चाललंय?"

"नाडी," सासरे म्हणाले. "नाडी बघतोय."

"अंगठ्यात?" मग नजर माझ्याकडे वळली, वरून खाली गेली आणि पायांपाशी थांबली. "आणि तू माझ्या मुलाची एक चप्पल घालून आली आहेस?"

मी खाली पाहिलं. एका पायात माझी होती, दुसऱ्या पायात नवऱ्याची, नऊ नंबरची.

झालं! माझा बांध फुटला. "आई, मला माफ करा! मी डॉक्टरबाईंसाठी काढले होते, तुमच्यावर अविश्वास नव्हता, म्हणजे थोडा होता, पण बिस्किटांपुरता, आणि खिडकीपुरता, आणि टीव्हीपुरता, आणि ते सगळ्यांना गेलं, चौसष्टच्या चौसष्ट, आणि माझ्या आईने खाली अंगठे दिले, ते तिला मी सांगितलं नव्हतं, ती मनाचीच देते, पण प्लीज सोमवारी नाही म्हणू नका, मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही!"

एवढं सगळं एका दमात.

"कुठले चौसष्ट?" सासूबाईंनी विचारलं.

"अल्बममधले. तुमच्या फोनवर आलेत ते."

"मी तसलं काही उघडत नाही. तूच बजावलं होतंस ना, न विचारता काही आलं की दाबायचं नाही म्हणून? दहादा येतं, दहादा मी नाही दाबत."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी तर भिंतीलाच टेकले. त्यांनी तो अल्बम जन्मात उघडला नसता! मी गप्प घरी चहा पीत बसले असते तर त्यांना काही कळलंही नसतं!

"आता दाबते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा मागितला.

फोन त्यांच्या अंगठ्याने पहिल्या झटक्यात उघडला.

त्या पाहत गेल्या. एकेक. खालची ओळ मोठ्याने, सावकाश, पोस्टाने आलेलं पत्र वाचावं तशी वाचत. मी निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर उभी राहावी तशी उभी. सतराव्याला त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. स्वतःचा चेहरा ओलांडून बोटं मागे गेली, दारापाशी.

"हे कोण?"

"ढमी," सासरे म्हणाले.

"काय?"

"म्हणजे, मी नाही म्हणत. तिथेच लिहिलंय. बघ ना, ढमी!"

खरंच लिहिलं होतं. माझ्या अंगठ्याची कृपा! सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून ढमीसाठी पाणी आणायला गेले. ढमी पाणी मागत नव्हती.

शेवटचा फोटो पाहून झाला. सासूबाईंनी फोन मांडीवर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं, तू कौतुकाने काढतेस. म्हणून मी दर वेळी केस सारखे करायचे."

पुरावा क्रमांक एक ते चौसष्ट, सगळीकडे ते हसू होतं, आणि मी त्याखाली वेळा लिहीत बसले होते!

मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि फोन पुन्हा उचलला.

"इकडे ये. बस. हा वाच."

"पलंगाच्या कडेला. बजावूनही," मी पुटपुटले.

"तिचा पाय कोणी धरलाय?"

"तुम्ही."

"आणि तू काय करत होतीस?"

"...फोटो काढत होते."

"हा पुढचा."

"स्टुलावर चढवली. आधार नाही."

"ही बोटं कोणाची, तिच्या पाठीशी?"

"तुमची."

"तू?"

"फोटो काढत होते."

"खिडकीचा. टोपी नाही म्हणतेस. टोपी कुठेय? ही बघ, खाली पडलेली, तुझ्या पायाशी. तुझा अंगठासुद्धा आलाय फोटोत. उचलली का नाहीस?"

"फोटो..."

"काढत होतीस." त्यांनी मान डोलावली. "चौसष्ट वेळा पोरीपाशी धोका दिसला, आणि चौसष्ट वेळा तुझे दोन्ही हात फोनला होते! नशीब माझं, माझे मोकळे होते."

मी भुईला नजर खिळवली. मग सगळा जीव गोळा करून विचारलं, "आई... सोमवारी?"

"सोमवारी तू कामावर जा," सासूबाई म्हणाल्या. "अगदी वेळेवर जा. आणि जाताना तो फोन घेऊन जा! मी नऊला येते. बिस्किटं दोन, टोपी घालीन, टीव्हीचं मी बघते."

"बघते म्हणजे बंद?"

"बघते म्हणजे बघते. आणि तुझ्या आईला सांग, अंगठे द्यायचे तर इथे येऊन दे. सोबतीला माणूस हवंच आहे मला."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! ढमी तोवर त्यांच्या मांडीवर चढून चष्म्याची काडी चावत होती, सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करत हसत होत्या, आणि काय सांगू तुम्हाला, इतका सुरेख फोटो आला असता! बोटं अशी शिवशिवली! पण मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले आणि उभी राहिले. आयुष्यात इतका निग्रह मी कधी केला नव्हता.

खटक!

दारात सासरे. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात फोन.

"मी काढला," ते खुशीत म्हणाले. "तुम्ही तिघी. छान आलाय. आणि अल्बममध्येच टाकला, म्हणजे सगळ्यांना बघता येईल!"

टुण! अकरा जणांना वर्दी गेली.

मी माझा फोन उघडला. फोटोत सासूबाई केस सारखे करतायत, ढमी काडी चावतेय, आणि कडेला मी, नाक लाल, केसांचं टोपलं, हात मागे बांधलेले. ॲपने आजीला ओळखलं. ढमीला ओळखलं. मग ते माझ्या चेहऱ्यापाशी थांबलं आणि त्याभोवती एक गोल काढला.

"नवीन व्यक्ती सापडली! ही कोण आहे?"

एकोणीस हजार चारशे बारा फोटो झाले, आणि ॲप मला आज पहिल्यांदा पाहत होतं! खाली दोन बटणं होती, "नाव द्या" आणि "नंतर".

मी "नंतर" दाबलं. केस तरी विंचरायला नकोत का हो?